कच्छी भरतकाम घरात: चौदा महिन्यांनंतर

भुजहून परतताना आमच्या बॅगेत कच्छी भरतकामाचं एक तोरण, एक चाकळा म्हणजे भिंतीवर लावायचा चौकोनी तुकडा, आणि उशांचे चार अभ्रे होते. त्याला चौदा महिने झाले. मधे ठाण्याचा एक अख्खा पावसाळा गेला, दोन दिवाळ्या झाल्या, घरी पाहुणे येऊन राहिले. आता यावर लिहायला हरकत नाही.

आधी तोरणाबद्दल, कारण सगळ्यांत जास्त समाधान त्याने दिलं. वर आडवी पट्टी आणि खाली पानांसारखे लोंबणारे तुकडे, प्रत्येकावर गोल आरसे. कच्छात आरशाला आभला म्हणतात. २८०० रुपयांना घेतलं. हॉलमधून आतल्या खोलीकडे जाणाऱ्या चौकटीवर लावलं आहे. संध्याकाळी दिवा लागला की समोरच्या भिंतीवर कवडसे पडतात, आणि वारा आला की ते हलतात. एकही आरसा निखळलेला नाही, कारण इथे आरसा चिकटवलेला नसतो. आधी त्याच्यावर आडवे-उभे धागे ताणतात आणि मग त्या धाग्यांना धरून कडेने टाके घालत काचेला कोंदण करतात. याआधी मी ऑनलाइन मागवलेल्या एका ‘हस्तकलेच्या’ अभ्र्याचे आरसे गोंदाने लावलेले निघाले होते, आणि महिन्याभरात ते सोफ्याच्या फटीत सापडायला लागले. घरात लहान मूल असेल तर काचेचा हा मुद्दा हलक्यात घेऊ नका.

चूक झाली ती अभ्र्यांच्या बाबतीत. सुफ आणि पक्को हे कच्छी भरताचे दोन प्रकार. चारांपैकी दोन सुफचे होते, दोन पक्कोचे, आणि मी निवडले होते निव्वळ रंग बघून.

सुफ हे फार नाजूक काम. कापडावर नक्षी काढलेली नसते. बाई कापडाचे धागे मोजत उलट्या बाजूने भरत जाते आणि सुलट बाजूला त्रिकोणांची रचना उमटते. १९७१च्या युद्धानंतर सिंधमधल्या थरपारकरहून कच्छात आलेल्या सोढा आणि मेघवाळ कुटुंबांतल्या बायकांनी हे काम इथे रुजवलं. पण त्यातला धागा मऊ, पीळ नसलेला असतो आणि कापडावरून लांब जातो. सोफ्यावर तीन आठवड्यांत बांगड्या आणि घड्याळाचे पट्टे अडकून ठिकठिकाणी धागे ओढले गेले. इतक्या मेहनतीची ही अवस्था बघवेना. दोन्ही अभ्रे काढले. कमी बिघडलेला आता फ्रेममध्ये आहे. फ्रेमवाल्याला काच कापडाला टेकू देऊ नका असं बजावून सांगितलं, नाहीतर दमट हवेत आत बुरशी धरते.

पक्कोचे दोन अभ्रे मात्र रोज पाठीशी असतात आणि अजून खणखणीत आहेत. पक्को म्हणजे पक्कं. साखळी टाका आणि काज टाका इतके दाट की बोटाला उंचवटा लागतो, ओढायला सुटा धागाच मिळत नाही. आता पुढची खरेदी मी खारेक भरतकामाची करणार आहे. नाव आपल्या खारकेचंच. आधी काळ्या धाग्याने चौकटी आखायच्या आणि मग त्यात आडव्या-उभ्या पट्ट्या भरत जायच्या. हात लावून पाहिलं तेव्हा तेही घट्ट वाटलं.

हा फरक मला खरेदीनंतर समजला. परत निघायच्या दिवशी भुजजवळच्या अजरखपूरच्या एलएलडीसी (लिव्हिंग अँड लर्निंग डिझाइन सेंटर) संग्रहालयात गेलो. ‘सृजन’ संस्थेचं हे संग्रहालय २०१६ साली सुरू झालं. चंदा श्रॉफ १९६९च्या दुष्काळात धाणेटी गावी मदतीला गेल्या आणि तिथल्या बायकांच्या हातचं भरतकाम पाहून त्यांनी ‘सृजन’चं काम उभं केलं. अहीर, रबारी, जत, मुतवा, प्रत्येक समाजाचं भरत तिथे वेगवेगळं लावलेलं आहे. तुम्ही जाल तर आधी संग्रहालय पाहा, मग बाजारात जा. आमचा क्रम उलटा झाला.

पावसाळ्याचं सांगते. चाकळा मी पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर खिळे ठोकून लावला होता. जुलैत मागून ओलसर वास यायला लागला आणि खिळ्यांपाशी गंजाचे दोन डाग पडले. ते डाग अजून गेलेले नाहीत. उतरवून सावलीत वाळवला, मागे धुतलेल्या मांजरपाटाचं अस्तर लावलं, वरच्या कडेला नेफा शिवून त्यात लाकडी दांडी घातली आणि आतल्या भिंतीवर टांगला. आता वजन सगळीकडे सारखं पडतं आणि मागून हवा खेळते. पश्चिमेच्या उन्हाने तेवढ्या आठ महिन्यांत एका बाजूचा लाल रंगही फिका पडला आहे. खिडकीसमोर लावायचा विचार असेल तर सोडून द्या.

धुण्याबद्दल अनेकींनी विचारलं. तोरण आणि चाकळा मी धुतलेलेच नाहीत. व्हॅक्यूमच्या तोंडाला जुनी मच्छरदाणी बांधून हलक्या हाताने धूळ ओढते. पक्कोचे अभ्रे दोनदा धुतले. आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने मागची बाजू पुसून रंग जातो का पाहिलं. काळा थोडा आला, म्हणून गार पाण्यात, पिळून न काढता, टॉवेलवर आडवे वाळवले. मशीनमध्ये चुकूनही नाही.

पक्कोचा एक अभ्रा ११०० रुपयांना पडला, सुफचा १६००ला. महाग म्हणणाऱ्या पाहुण्यांना मी अभ्रा उलटा करून दाखवते. मागे प्रत्येक गाठ दिसते, एक रंग संपून दुसरा कुठे सुरू झाला तेही. ज्या बाईंकडून घेतला त्यांनी मला आधी तीच बाजू दाखवली होती, आणि मी मात्र घाईने सुलट करून रंग बघत होते.

सुफचा दुसरा अभ्रा मलमलीत गुंडाळून कपाटात ठेवला आहे. मार्चमध्ये पुन्हा भुजला जायचं आहे. ओढलेले धागे मागच्या बाजूने आत घेता येतात का, ते त्याच बाईंना विचारणार आहे.