सबस्क्रिप्शनचे पैसे कसे द्यावेत: यूपीआय ऑटोपे, कार्ड, खात्यावरचा मँडेट की दर वेळी हाताने भरणा?

एक रुपयात सात दिवसांची ट्रायल आणि पुढे दर तीन महिन्यांना ३९९ रुपये, अशा स्वरूपाच्या योजना खरेदीच्या आणि शिकवणीच्या अ‍ॅपपासून पत्रिका पाहण्याच्या अ‍ॅपपर्यंत सर्वत्र दिसतात. त्यातला एक रुपया मोठ्या अक्षरांत असतो, ३९९ चा आकडा खाली फिकट रंगात असतो, आणि वर्षाचे १,५९६ रुपये होतात याचा हिशेब ग्राहकाने स्वतःच करायचा असतो. तो एक रुपया भरताना आपण पुढच्या सगळ्या हप्त्यांनाही आगाऊ परवानगी देऊन बसतो. अशा सेवा घेऊच नयेत, असे माझे म्हणणे नाही. शिकणारी मुले असलेल्या घरात त्यांतल्या काही लागतातच. परंतु पैसे कोणत्या मार्गाने द्यायचे ही निवड आपल्या हातात असते, आणि नकोशी झालेली सेवा बंद करणे सोपे जाईल की जिकिरीचे होईल, हे बहुतांशी त्या निवडीवरच ठरते. सांगली-मिरजेकडच्या ज्या कुटुंबांपुढे हा प्रश्न आहे, त्यांच्यासाठी हे मार्ग येथे शेजारी शेजारी ठेवून पाहिले आहेत. पारख करताना मी एकाच गोष्टीला सर्वाधिक वजन दिले आहे: विक्रेत्याची विनवणी न करता पैसे थांबवता येतात का?

दोन्हीकडे सारखे असलेले नियम

यूपीआय असो वा कार्ड, रिझर्व्ह बँकेचे काही नियम दोहोंना लागू आहेत. मँडेट देताना, म्हणजे आगाऊ परवानगी देताना, ओटीपी किंवा पिन लागतोच. त्यानंतर दर खेपेस पैसे वजा होण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी, तिच्यात विक्रेत्याचे नाव, रक्कम, तारीख आणि कारण असायला हवे, आणि ती वजावट किंवा संपूर्ण मँडेट नाकारण्याची सोय ग्राहकाला मिळायला हवी. ओटीपीशिवाय जाऊ शकणाऱ्या रकमेची मर्यादा २०१९ मध्ये २,००० रुपये होती; ती पुढे ५,००० झाली आणि जून २०२२ पासून १५,००० रुपये आहे. घरगुती सबस्क्रिप्शनची रक्कम याच्या वर क्वचितच जाते, त्यामुळे दुसऱ्या हप्त्यापासून फोन आपल्याला काहीही विचारणार नाही, असेच धरून चालावे.

मग राहतो तो २४ तास आधीचा संदेश. तो कर्जाच्या आणि सवलतींच्या जाहिरातींमध्ये हरवतो, हे तर आहेच. पण ट्रायल जर एक-दोन दिवसांचीच असेल, तर तो जवळपास नोंदणीच्या दिवशीच, स्वागताच्या संदेशांच्या गर्दीत येऊन पडतो आणि वाचणाऱ्याला तो आताच्याच व्यवहाराचा भाग वाटतो. नियमाने दिलेले हे संरक्षण खरे आहे, मात्र केवळ त्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

यूपीआय ऑटोपे

नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ही सोय जुलै २०२० मध्ये आणली, आणि बहुतेक घरांसाठी मी हाच मार्ग सुचवीन. कारण मँडेट ग्राहकाच्या स्वतःच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये, ऑटोपे या सदरात दिसतो आणि तिथूनच तो रद्द करता येतो. विक्रेत्याचे ग्राहक सेवा केंद्र फोन उचलो वा न उचलो, त्याने फरक पडत नाही. कर्जाच्या हप्त्यासारखे काही मँडेट मात्र ग्राहकाला एकतर्फी रद्द करता येत नाहीत.

याच मार्गात फसगतही सर्वांत सहज होते, कारण परवानगी देणे म्हणजे पिनचे चार किंवा सहा आकडे दाबणे, इतकेच. म्हणून परवानगीचा पडदा कसा वाचायचा, हे थोडे सविस्तर सांगतो. त्यावर आजची रक्कम मोठ्या आकड्यात असते, समजा १ रुपया. त्याखाली कमाल रक्कम असते, समजा ९९९ रुपयांपर्यंत. विक्रेत्याने आज ३९९ रुपये सांगितले असले, तरी उद्या दर वाढवल्यास ९९९ पर्यंतची परवानगी आपण आधीच दिलेली असते. नंतर वारंवारता येते: मासिक, तिमाही, वार्षिक किंवा ‘अ‍ॅज प्रेझेंटेड’. हा शेवटचा शब्दप्रयोग दिसला की थांबावे, कारण त्याचा अर्थ विक्रेता मागणी करील तेव्हा पैसे जातील, असा होतो. शेवटी मुदत असते, आणि ती कित्येकदा दहा-वीस वर्षे पुढची असते. सात दिवसांच्या ट्रायलसाठी एवढ्या लांबची तारीख दिसली, तर ते काय प्रकरण आहे हे वेगळे सांगायला नको. नावाकडेही लक्ष द्यावे. अ‍ॅप एका नावाचे आणि मँडेट दुसऱ्याच कंपनीच्या नावाचा, असे घडते, आणि पुढे खात्याच्या उताऱ्यात तेच अनोळखी नाव दिसल्याने माणूस गोंधळतो.

विश्रामबागेत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंनी इंग्रजी बोलायला शिकवणारे एक अ‍ॅप ट्रायलवर घेतले होते. ते आवडले नाही म्हणून त्यांनी अ‍ॅप फोनमधून काढून टाकले, आणि विषय संपला असे त्या समजून चालल्या. पैसे मात्र कट होत राहिले. त्यांचा मँडेट ऑटोपेच्या यादीत सापडला, रद्द करण्याचे बटणही मिळाले, पण पुढे पिन विचारला गेला आणि काकूंनी हात मागे घेतला. “अरे, पिन टाकला की पैसे जातात ना? मग आणखी जातील!” त्यांची शंका अगदी रास्त होती, कारण अनोळखी ठिकाणी पिन टाकू नका, हेच आपण सर्वांना सांगत आलो आहोत. मँडेट रद्द करताना यूपीआय अ‍ॅप पिन मागते ते खातेदाराची खात्री करून घेण्यासाठी; मात्र ते आपण स्वतः उघडलेले अ‍ॅप असावे, कोणी पाठवलेल्या लिंकवर किंवा फोनवरच्या सांगण्यावरून पिन टाकू नये.

अ‍ॅप काढून टाकल्याने सबस्क्रिप्शन थांबत नाही. त्याचप्रमाणे केवळ मँडेट रद्द केल्याने विक्रेत्याच्या दफ्तरी सदस्यत्व संपतेच, असेही नाही. दोन्ही गोष्टी कराव्यात: आधी सेवेच्या पानावर सदस्यत्व रद्द करावे, त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा आणि मग मँडेट काढावा. रद्द करण्याचे बटण सापडतच नसेल, तर निदान मँडेट त्याच दिवशी काढून टाकावा. तो देताना वापरलेले यूपीआय अ‍ॅप कोणते, हे लक्षात ठेवले तर शोधाशोध वाचते.

डेबिट कार्ड आणि क्रेडिट कार्ड

कार्डावरील मँडेट पाहण्याची जागा प्रत्येक बँकेत वेगळी असते. अनेक बँकांनी हे काम त्रयस्थ कंपनीच्या पानावर सोपवले आहे, तर काहींच्या अ‍ॅपमध्ये ते कार्डाच्या सेटिंगच्या आत दडलेले असते. आपल्या भागात पुष्कळांची खाती सहकारी बँकांत आहेत. तेथील अ‍ॅपमध्ये ही यादी असेलच असे नाही, म्हणून मँडेट देण्याआधी शाखेत विचारून घ्यावे. थांबवण्याच्या सोयीचा विचार केला, तर कार्ड यूपीआयच्या मागेच राहते.

दोन कार्डांपैकी निवड करायची झाल्यास क्रेडिट कार्ड बरे. डेबिट कार्डात पैसे बचत खात्यातून तत्काळ जातात आणि भांडण नंतर सुरू होते. क्रेडिट कार्डात रक्कम आधी बिलात दिसते, आणि बँकेकडे त्या व्यवहाराबद्दल हरकत नोंदवायला थोडा अवधी मिळतो. हा फायदा बिल ओळ न् ओळ वाचणाऱ्यांनाच होतो. बिलाच्या एकूण रकमेवर नजर टाकून ते भरून मोकळे होणाऱ्यांच्या बाबतीत १९९ रुपयांची नोंद वर्षभरही लक्षात न येता जाऊ शकते.

परदेशी संकेतस्थळांबाबत अधिक जपून राहावे. तिथे अनेकदा ओटीपी न विचारताच कार्डावर रक्कम टाकली जाते. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या सूचनेमुळे ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय वापर ग्राहकाला हवा तेव्हा चालू-बंद करता येतो आणि त्याची मर्यादाही ठरवता येते. आंतरराष्ट्रीय वापर एरवी बंदच ठेवावा.

बँक खात्यावरचा मँडेट

नेट बँकिंग, डेबिट कार्ड किंवा आधार ओटीपीने थेट खात्यावर बसवला जाणारा हा मँडेट घरकर्ज, एसआयपी आणि विम्यासाठी योग्य आहे. ऑनलाइन खरेदीतल्या कोणत्याही सदस्यत्वासाठी तो देऊ नये. रद्द करायला अनेक ठिकाणी बँकेत अर्ज द्यावा लागतो, आणि शिल्लक अपुरी पडून वजावट परतली तर बँक दंड आकारते. ‘खात्यात पैसेच ठेवत नाही, मग काय कापतील’, असे काही जण म्हणतात. त्यांनी हे लक्षात घ्यावे की देणे असताना अपुऱ्या शिलकीमुळे इलेक्ट्रॉनिक वजावट परत जाणे हा पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अ‍ॅक्ट, २००७ च्या कलम २५ नुसार गुन्हा ठरू शकतो.

प्ले स्टोअर आणि अ‍ॅप स्टोअर

गूगल किंवा अ‍ॅपलच्या मार्फत घेतलेली सबस्क्रिप्शन एकाच यादीत दिसतात, पुढची तारीख आणि रक्कम स्पष्ट लिहिलेली असते, आणि रद्द करण्याची पद्धत सर्व अ‍ॅपसाठी एकच असते. घरात शाळकरी मुलांच्या हाती फोन असेल, तर हा गुण मोठा आहे. अ‍ॅपलवर ट्रायल संपण्याच्या किमान २४ तास आधी रद्द करावे लागते, शेवटच्या दिवसाची वाट पाहून चालत नाही. तोच अ‍ॅप विक्रेता स्वतःच्या संकेतस्थळावर थोडा स्वस्त देत असला, तरी ट्रायलपुरता मी स्टोअरचाच मार्ग घेईन.

हाताने भरणा

काही सेवा ऑटोपे न लावता महिन्याचे किंवा वर्षाचे पैसे एकदाच घेतात. हा पर्याय पानाच्या तळाशी असतो, पण असतो. मुदत संपली की सेवा आपोआप थांबते आणि ती पुन्हा हवी का, हा विचार नव्याने करता येतो. गैरसोय एवढीच की ऐन परीक्षेच्या काळात अभ्यासाचे अ‍ॅप बंद पडू शकते. एखादी सेवा आपण वापरू की नाही याची खात्री नसेल, तर तिच्यासाठी याहून चांगला मार्ग मला दिसत नाही.

कोणी काय निवडावे

निवृत्तिवेतन ज्या खात्यात येते, त्या खात्याशी जोडलेले कार्ड किंवा यूपीआय कोणत्याही ट्रायलला देऊ नये. तासगावकडच्या बागायतदाराच्या खात्यात बेदाण्याचे, किंवा वाळव्याच्या शेतकऱ्याच्या खात्यात उसाच्या बिलाचे पैसे एकदम मोठ्या रकमेने येतात, आणि दोन-चारशे रुपयांची गळती अशा खात्यात दिसूनच येत नाही. या सर्वांनी एक वेगळे, लहान शिलकीचे बचत खाते उघडून ऑनलाइन खरेदीचे यूपीआय त्यालाच जोडावे. त्या खात्याची किमान शिलकीची अट आधी पाहून घ्यावी. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला यूपीआय ऑटोपे पुरे, मात्र महिन्याच्या पहिल्या तारखेला ऑटोपेची यादी उघडून पाहण्याची सवय हवी. नोकरदार माणूस क्रेडिट कार्डाचे बिल खरोखर वाचत असेल, तर त्याने ते वापरायला हरकत नाही.

मँडेट नसतानाही पैसे जाण्याचा एक प्रकार आहे: खरेदीच्या शेवटच्या पानावर सदस्यत्व, देणगी किंवा विम्याची चौकट आधीच टिक केलेली असते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार अशी आपोआप घेतलेली संमती चालत नाही. यावर कोणताही भरणा-मार्ग उपयोगाचा नाही. पैसे देण्यापूर्वी बेरीज ताडून पाहावी.

पैसे गेलेच तर

३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’बाबत, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या पडद्यावरील मांडणीबाबत, मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यातील १३ प्रकारांत सबस्क्रिप्शनचा सापळा स्पष्टपणे आहे: रद्द करण्याचा पर्याय लपवणे, ती प्रक्रिया लांबवणे, तसेच मोफत सेवेसाठी ऑटो डेबिटची परवानगी सक्तीने घेणे. विक्रेत्याला लेखी तक्रार करताना याचा उल्लेख जरूर करावा. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथे मराठीतून बोलता येते. मँडेट रद्द केल्यावरही बँकेने पैसे जाऊ दिले असतील, तर बँकेकडे तक्रार करावी आणि ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे.

कंपनीचे कार्यालय बंगळुरूला किंवा गुरुग्रामला असले, तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तिथल्याच जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. सांगलीकराला त्यासाठी जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल होते, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. परवानगीच्या पडद्याचा स्क्रीनशॉट, वजावटीचे संदेश आणि रद्द केल्याची नोंद, एवढी कागदपत्रे सोबत जोडावीत.