पहिला गेमिंग पीसी, दोन टप्प्यांत: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी सामान: रायझन 5 5600जी प्रोसेसर (ग्राफिक्स आतच असलेला), बी550 मदरबोर्ड, डीडीआर4 3200 रॅमच्या 8-8 जीबीच्या दोन पट्ट्या, 1 टीबी एनव्हीएमई एसएसडी (वेगवान डिस्क), 550 वॉटचा 80 प्लस ब्राँझ (कार्यक्षमतेचा दर्जा) पॉवर सप्लाय, 24 इंची 1080पी 144 हर्ट्झ (सेकंदाला 144 चित्रं दाखवणारा) मॉनिटर. पहिले पाच महिने ग्राफिक्स कार्ड नव्हतंच, नंतर रेडिऑन आरएक्स 6600 बसवलं. नववी-दहावीतल्या मुलासाठी हा मार्ग चालतो. फक्त कार्ड पुढे ढकललं म्हणून रॅम आणि पॉवर सप्लायमध्ये हात आखडू नये.

5600जीमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच जागा घेतं. एकच पट्टी लावली की बँडविड्थ, म्हणजे डेटा ये-जा करण्याची क्षमता, निम्मी आणि गेम अडखळतो. 'आत्ता एक लावा, दुसरी नंतर बघू' हा दुकानातला सल्ला इथे महागात पडतो. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या. मग बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, चालू करायचं, कारण ते मुळात बंद असतं आणि 3200 ची रॅम मुकाट्याने 2133 किंवा 2400 वर चालत राहते. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर वेग दिसतो.

एवढ्यावर व्हॅलोरंट हा ऑनलाइन गेम लो सेटिंगला सेकंदाला शंभरच्या वर फ्रेम (चित्रं) आरामात देतो. जीटीए 5 नॉर्मलवर खेळण्याजोगा. नवे अवजड गेम मात्र विसरा.

व्हॅलोरंटचीच एक गोम आहे. विंडोज 11 वर त्याला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीच्या सॉफ्टवेअरनेच मशीन सुरू होऊ देणारी सोय) लागतं. बायोसमध्ये एफटीपीएम (प्रोसेसरमधलंच टीपीएम) चालू करायचं, सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद करायचं, मग सिक्युअर बूट. पण विंडोज एमबीआर, म्हणजे जुन्या पद्धतीने विभागलेल्या डिस्कवर टाकलेली असेल तर सीएसएम बंद करताच मशीन बूटच होत नाही आणि घरात रडारड. त्यामुळे विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये आधी बघा, डिस्क जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीची हवी.

कार्ड 132 वॉटचं, 8 पिनची एक वायर पुरते. बसवल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डमधून काढून कार्डात लावा. हे राहून जातं आणि 'कार्डने काही फरक नाही' अशी तक्रार येते. 144 हर्ट्झसुद्धा विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन निवडावा लागतो, नाहीतर पैसे 144 चे आणि चित्र 60 चं.

आता 5600जीची खरी उणीव. त्यात एल3 कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) 16 एमबी, साध्या 5600 मध्ये 32. शिवाय हा पीसीआयई (कार्ड आणि प्रोसेसरमधला डेटाचा रस्ता) 3.0 या जुन्या पिढीवर थांबतो आणि आरएक्स 6600 त्याच्या आठच लेन वापरतं. टेक्स्चर (पृष्ठभागांचा तपशील) अल्ट्रावर नेऊन कार्डाची 8 जीबी मेमरी भरली की झटके जाणवतात. हायवर ठेवलं की जातात. कार्ड पहिल्याच दिवशी परवडणार असेल तर सरळ 5600 घ्या, मात्र कार्डाशिवाय तो चित्रच दाखवत नाही.

अर्थिंगकडे कुणी बघत नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर आधी इलेक्ट्रिशियनकडून भिंतीवरच्या प्लगबोर्डाचं अर्थिंग तपासून घ्या, दोन पिनांचा अडॅप्टर तर नकोच. 600 व्हीएचा (व्हीए म्हणजे यूपीएसवर छापलेली क्षमता) यूपीएस जेमतेम 360 वॉट देतो. कार्डाआधी पुरला, कार्डानंतर भर गेममध्ये लाईट गेली की तोही बंद. 1100 व्हीएच्या आसपासचा घ्या.

धूळ महिन्याला एकदा, समोरच्या जाळीवरची. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरायचं, गरगर फिरू द्यायचं नाही. एप्रिल-मेमध्ये कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, कपाटात कोंबू नका.

वीजबिल: खेळताना मॉनिटरसह 250 वॉट धरले आणि रोज तीन तास, तर महिन्याला 22-23 युनिट. घरचा वापर नव्वदीत असेल तर महावितरणच्या शंभर युनिटांच्या पुढच्या महाग टप्प्यात जाल. फ्रेम 144 ला बांधून टाकल्या की हा आकडा खाली येतो, आणि कार्डाच्या पंख्याची घरघरही.