ठासणीची फ्लिंटलॉक रायफल: दहा महिने आणि २४० बारांनंतर

मार्चमध्ये ही फ्लिंटलॉक, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून चकमकीच्या ठिणगीने उडवायची बंदूक घेतली, आता जानेवारी संपत आलाय. २४० बार झाले, वहीत लिहून ठेवतो म्हणून आकडा माहितीय. घेतली तेव्हा पहिल्या आठवड्यात उत्साहात काहीतरी लिहिणार होतो, बरं झालं नाही लिहिलं, कारण तेव्हा मला वाटत होतं की बंदूक खराब आहे.

आधी वस्तू काय ते सांगतो. लांब नळीची, जुन्या पेनसिल्व्हेनिया रायफलच्या घाटाची, ०.५० कॅलिबर (म्हणजे नळीचं भोक अर्ध्या इंचाचं), इटलीत बनलेली नक्कल. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, पुढे थोडी कुरकुर आहे. साधारण सातशे डॉलर पडले. मी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरपासून तासाभरावर राहतो, आणि अठराव्या शतकात इथल्याच जर्मन कारागिरांनी ही लांब रायफल घडवली, नाव मात्र पुढे केंटकीचं झालं. पण खरं कारण इतिहास नाही, खरं कारण इथला शिकारीचा नियम. ख्रिसमसनंतरचा हरणांचा जो सीझन असतो त्यात फक्त चकमकीचीच बंदूक चालते, १९७४ पासून हे सुरू आहे. केपाची (टिकलीसारखी केप फोडून पेटणारी) नाही, आधुनिक इनलाइन (नव्या घडणीची ठासणीची) नाही, गारगोटी आणि पोलादच.

फेडरल कायद्यात, म्हणजे १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टमध्ये, असल्या ठासणीच्या नकला 'फायरआर्म'मध्ये धरतच नाहीत, त्यामुळे ती कुरिअरने सरळ दारात आली. राज्याराज्यात नियम वेगळे आहेत, आपापलं बघून घ्या. आणि भारतात न्यायचं स्वप्न बघू नका, तिकडे ठासणीलाही लायसन्स लागतं.

दारूचं मात्र तसं नाही, ती जवळ कुठे मिळेना. खरी काळी दारू ठेवणारं दुकान तासभर लांब, आणि बायकोने आईला फोनवर सांगितलं की हा दारू आणायला तासभर लांब गेलाय. आईने दुसऱ्या दिवशी माझी जी हजेरी घेतली ती विचारू नका. पर्यायी दारू सगळीकडे मिळते पण ती पेटायला जास्त तापमान लागतं, केपवर चालते, चकमकीच्या ठिणगीवर रडते. फ्लिंटलॉक घेणार असाल तर आधी दारूची सोय बघा, मग बंदूक.

आता पहिला दिवस. भरण्याची पद्धत अशी: मापाने ७० ग्रेन (बारीक वजनाचं जुनं एकक) दारू नळीत (दारू ठेवायच्या शिंगातून थेट कधीच ओतायची नाही, आत एखादा निखारा राहिला असेल तर अख्खं शिंग हातात फुटेल), त्यावर तेलकट फडक्याची चकती, त्यावर ०.४९० ची शिशाची गोळी, गजाने तळापर्यंत ठासायची, मग पॅनमध्ये (नळीच्या बाजूची छोटी वाटी) चिमूटभर बारीक दारू म्हणजे आपली रंजक, फ्रिझन (पॅनवरचं पोलादी झाकण, यावरच गारगोटी आपटून ठिणगी पडते) बंद, घोडा पूर्ण मागे. चाप ओढला. खट्... फुस्स... आणि मग धाड्. तीन वेगळे आवाज मला वेगवेगळे ऐकू आले, आणि मधल्या वेळात मी चेहरा वळवून घेतला होता कारण गालापासून वीतभर अंतरावर आगीचा लोळ उठला. कागद कोरा. पण धक्का अगदी मऊ, कोणी खांद्याला धरून मागे सरकवल्यासारखा. धूर एवढा की टार्गेट दिसायला वेळ लागला, आणि वास लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळचा.

पुढचे तीन आठवडे ५० यार्डांवर माझ्या गोळ्या ताटाएवढ्या जागेत पडत होत्या, म्हणजे जेवणाच्या मोठ्या ताटाएवढ्या. मी माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) घासली, फडक्याची जाडी बदलली, दारू ६० वर आणली, परत ८० वर नेली, विकणाऱ्याला एक तिखट मेलही लिहून ठेवला. रेंजवर एक पांढऱ्या दाढीचे आजोबा येतात, त्यांनी माझी बंदूक मागितली, माझ्याकडे पाठ करून भरली आणि परत दिली. मी नेम धरला, चाप ओढला, रंजक भप्पकन पेटली आणि बाकी काहीच नाही. आत काही नव्हतंच, त्यांनी नुसती पॅन भरली होती. पण नळीचं टोक चार बोटं खाली गेलं होतं आणि ते मी स्वतः बघितलं. आजोबा काही बोलले नाहीत, हसले फक्त. मेल पाठवला नाही.

बाराच्या आधीच दचकायचा हा दोष आधुनिक रायफल चालवतानाही असतोच, लपून राहतो इतकंच, कारण चाप आणि गोळी यात वेळच नसतो. इथे वेळ आहे, आणि त्या वेळात तुम्ही काय करता ते सगळं कागदावर उमटतं. जुलैपर्यंत मी प्रत्येक वेळी रेंजवर पहिले पाच बार नुसत्या रंजकीचे काढायचो. आता ५० यार्डांवर तीन इंचांत पाच गोळ्या येतात, टेकून. उभ्याने विचारू नका.

बंदुकीची चूक अजिबात नव्हती असंही नाही. सोबत आलेली गारगोटी कापीव होती, दहा बारांत बोथट झाली, हाताने फोडलेली काळी इंग्लिश गारगोटी लावली तर ती पस्तीस-चाळीस बार सहज जाते. दुसरं म्हणजे कान, नळीतलं ते बारीक छिद्र, तो बुजायचा. कारखान्यातला लायनर (त्या छिद्राचं अस्तर) काढून आतून खोलगट असलेला बसवला आणि फरक लगेच कळला. रंजक कानाच्या तोंडापर्यंत भरू नका, माझ्या बंदुकीत तरी तेव्हा ती वातीसारखी जळत जाते आणि बार उशिरा निघतो. कमी घातली की झटकन.

मेमध्ये गप्पा मारता मारता दारू न घालताच गोळी ठासली. सगळ्यांचं एकदा होतं म्हणे. गोळी तळाला टेकलीय ना ते बघून कानातून सुईने चिमूट चिमूट बारीक दारू आत सारली, रंजक घातली, नळी मातीच्या बंधाऱ्याकडे, आणि प्लॉक करून गोळी बाहेर. तेव्हापासून गजावर दोन खुणा आहेत, एक रिकाम्या नळीची आणि एक भरलेल्या, आणि भरताना कोणाशी बोलत नाही.

साफसफाईबद्दल लोक घाबरवतात, तेवढं नाही, पण टाळता मात्र येत नाही. एकदा संध्याकाळी पाहुणे आले म्हणून सकाळवर ढकललं, सकाळी चकती फिरवली तर नारिंगी निघाली. जळलेल्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते. माझी नळी लाकडाला पिनांनी जोडलेली आहे, सारखी काढायची नसते, म्हणून कानात टूथपिक खोचायची, कोमट साबणपाणी ओतायचं, थोडं थांबून उलटं करायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत, मग कोरडं करून तेल. पंचवीस मिनिटं. मोरीत सडक्या अंड्यांचा वास येतो आणि त्यावर घरात चर्चा होते.

आमच्या आजोबांकडे रत्नागिरीला शेतीसंरक्षणाच्या लायसन्सवरची ठासणीची होती, केपाची, रानडुकरांसाठी. ते दारूवर काथ्याचा बोळा ठासायचे ते आठवतंय. आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. गजाचा तो आत जातानाचा आवाज मात्र तोच आहे, घरी पहिल्यांदा गज रिकाम्या नळीत सोडला तेव्हा टण्ण झालं आणि मी दोन मिनिटं तसाच बसून राहिलो.

सीझनचं सांगतो. २६ डिसेंबर, सकाळी उणे सहा, फांदीवरून बर्फाचा भुगा पडत होता. मादी ३५ यार्डांवर आली, आडवी उभी राहिली. खट्ट. ठिणग्या दिसल्या, बाकी काही नाही. पॅन उघडून बघितलं तर रंजकीचं काजळ झालेलं. हरीण माझ्याकडे बघत उभं, मी पॅन पुसतोय, ते अजून उभं, मी शिंगाचं बूच दातांनी काढतोय, मग ते गेलं. पळालंसुद्धा नाही, चालत गेलं. त्यानंतर लॉकवर (घोडा, पॅन, फ्रिझन असलेल्या भागावर) चामड्याचं टोपरं घालतो आणि दर अर्ध्या तासाने रंजक बदलतो. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ४० यार्डांवर दुसरी मिळाली. लागली की नाही ते धुरात कळलंच नाही, वाकून धुराखालून बघितलं तर रान रिकामं. साठ पावलांवर पडलेली सापडली. एका मापाच्या दारूत आणि एका गोळीत काम झालं. सुक्कं केलं, जरा जास्त शिजवावं लागतं.

दुसरा बार पटकन लागणारच असं ज्यांना वाटतं त्यांनी घेऊ नका, मला परत भरायला अजूनही मिनिटभर लागतं. सध्या फ्रिझनवर खोल चरे पडायला लागलेत, आणखी शंभर बारांनंतर ते परत कडक करून घ्यावं लागेल की नवंच बसवावं लागेल ते बघून इथेच खाली लिहितो.