आशाताईंच्या गृहभेटी : सेवा चांगली, पण भेट पूर्ण करून घ्या

आशाताई म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका. तिने घरी येऊन नवजात बाळ तपासायची ही मोफत सेवा देशभर २०११ पासून आहे. मूळ धडा गडचिरोलीतल्या डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या कामाचा. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट. घरी झालं तर पहिल्या दिवशीही. पुढे ३, ६, ९, १२, १५ व्या महिन्यात.

वजन करताना झोळी अडकवून काटा आधी शून्यावर आणायचा, नाहीतर झोळीचं वजन बाळाच्या नावावर चढतं. श्वास बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजायचा. अर्ध्या मिनिटाची दुप्पट चालत नाही, कारण नवजात बाळाचा श्वास एकसारखा नसतो. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजायचं. तेवढेच आले तर थेट दवाखाना.

कोकणात खरी गळती माहेरपणाची. बाळंतीण देवगडला, सव्वा महिन्याने सासरी राजापूरला, आणि ४२ व्या दिवसाची भेट मधल्या एसटीत हरवलेली! निघण्याआधी दोन्हीकडच्या आशाताईंना कळवा, माता-बाल कार्ड सोबत ठेवा. पावसात सुटी-सुटी घरं आणि निसरडे साकव. तारीख मागेपुढे होणारच.

सहाव्या महिन्याचा आहारसल्ला उत्तम. नुसती पातळ पेज पोट भरते, वजन वाढवत नाही. मऊ भात, मूगडाळ, वर चमचाभर तूप.

उणीव एकच, पण मोठी: बाळंतिणीला झोप लागते का, सारखं रडू येतं का, हे सासूसमोर विचारून उपयोग नाही. पडवीत बाजूला घेऊन विचारावं लागतं.