१० महिने, ३१ सेशन: जात आणि जोडीदार न लपवता मराठीतून घेतलेल्या थेरपीचा अनुभव

गेल्या ऑगस्टपासून मी ऑनलाइन थेरपी घेतेय. आधी दर आठवड्याला, फेब्रुवारीपासून पंधरा दिवसांनी. फी १,५०० रुपये आहे, मी ७०० देते. ते कसं ते पुढे सांगते. मी बीड जिल्ह्यातली, बौद्ध घरातली. पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी करते आणि चार वर्षांपासून एका बाईसोबत संसार करते. हे सगळं आधीच सांगतेय, कारण यातलं काही बाजूला ठेवून मदत मागितली की काय होतं, ते मी दोनदा भोगलंय.

पहिल्यांदा ऑफिसतर्फे मिळणारी सहा मोफत सेशन घेतली. त्रास असा होता की टीममध्ये नवीन माणूस आला की माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची. जेवताना तो गाव विचारणार, मग आडनाव. माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं. त्यावरून पटकन कळत नाही, म्हणून लोक आणखी खोदतात. एप्रिल आला की कुणीतरी डीजेचा विषय काढतं आणि पाठोपाठ आरक्षणाचा. मी डबा घेऊन जिन्यात बसायला लागले होते. काउन्सेलर बाई इंग्रजीत बोलत. त्यांनी एक तक्ता दिला: मनात आलेला विचार, त्याच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा. मी विचार लिहिला, 'लोक माझी जात शोधतात', आणि पुराव्यात नऊ प्रसंग लिहिले. त्यांनी त्यापुढे 'माइंड रीडिंग' असा शेरा मारला, म्हणजे समोरच्याच्या मनात काय आहे ते आपणच ठरवून टाकणं. म्हणाल्या, आडनाव तर सगळ्यांनाच विचारतात. सहावं सेशन मी घेतलंच नाही.

नंतर झोपच उडाली, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. गोळ्यांनी फरक पडला, ते नाकारत नाही. पण जोडीदाराबद्दल सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले, "लग्नाचं बघा, हळूहळू बदलतं." जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच काढली आहे, आणि लैंगिक कल बदलण्याचे 'उपचार' नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलेत. तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं, मी मान डोलावून बाहेर आले. वकिली करणाऱ्या मैत्रिणीने पुढे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं कलम १८ वाचून दाखवलं. सेवा देताना लैंगिक कल, धर्म, जात, वर्ग यांवरून भेदभाव करता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. 'जात' हा शब्द तिथे छापलेला बघून मला रडू आलं. ज्याला शेरा मारला गेला होता, ते कायद्याला ठाऊक होतं.

मग नीट शोध सुरू केला. तीन आठवडे, अकरा फोन. मला चार गोष्टी हव्या होत्या: मराठी, शक्यतो बहुजन थेरपिस्ट, संध्याकाळी सातनंतरची वेळ आणि ८०० च्या आत फी. चारही एकत्र मिळाल्या नाहीत. या शोधात दोन नावं कळली. मुंबईच्या मारिवाला हेल्थ इनिशिएटिव्हचा 'क्वीअर अफर्मेटिव्ह काउन्सेलिंग प्रॅक्टिस' नावाचा अभ्यासक्रम आहे, आधीच प्रॅक्टिस करणाऱ्यांसाठी. 'क्वीअर' म्हणजे समलैंगिक, ट्रान्स वगैरे लोक. आणि दिव्या कंडुकुरी यांनी सुरू केलेला 'द ब्लू डॉन' हा गट बहुजनांच्या मानसिक आरोग्यावर काम करणारा. 'फ्रेंडली' आणि 'अफर्मेटिव्ह' यांत फरक आहे, हेही तेव्हाच समजलं. फ्रेंडली माणूस तुम्हाला हाकलत नाही. अफर्मेटिव्ह माणूस तुमचं जगणं धडधाकट आहे इथून सुरुवात करतो आणि त्रास कुठून येतोय ते तुमच्या आजूबाजूलाही शोधतो.

जिच्याकडे मी थांबले, तिच्याशी आधी पंधरा मिनिटांचा मोफत कॉल झाला. मी सरळ विचारलं, "जातीबद्दल तुम्ही काय शिकलात?" ती म्हणाली, "मी ब्राह्मण घरातली आहे. याबद्दल माझं शिकणं फार उशिरा सुरू झालं. माझं काम दाखवायला मी ज्या सुपरवायझरकडे जाते त्या दलित आहेत. तुम्हाला दुसरं कुणी हवं असेल तर दोन नावं देते, मला वाईट वाटणार नाही." अकरा फोनमध्ये स्वतःची जात स्वतःहून सांगणारी ती एकटीच होती. मी हो म्हटलं.

तिसऱ्या सेशनमधली गोष्ट जरा सविस्तर सांगते. मी मराठीत बोलता बोलता म्हटलं, "मला एन्झायटी आहे." तिने विचारलं, "तुझ्या घरी याला काय म्हणतील?" मी म्हटलं, "आज्जी म्हणाली असती, पोरीनं धसका घेतलाय." तिचा पुढचा प्रश्न होता, "कशाचा?"

दोन वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. एन्झायटी नुसती असते, शुगर असते तशी. धसका मात्र घेतलेला असतो, कशाचा तरी, कधीतरी. हा शब्द आला की 'कशाचा' हा प्रश्न आपसूक येतो. आणि मला उत्तर माहीत होतं. सहावीत तालुक्याच्या शाळेत नवीन गेले होते. स्कॉलरशिपचे फॉर्म आले. गुरुजींनी यादी हातात घेतली आणि म्हणाले, "एससीवाल्यांनी उभं राहा." आम्ही चौघी उभ्या राहिलो. दुपारी डबा खाताना माझ्या शेजारची मुलगी उठून दुसऱ्या रांगेत गेली. सकाळपर्यंत ती माझी मैत्रीण होती. ही गोष्ट मी जोडीदारालासुद्धा सांगितली नव्हती. नवीन माणूस, जेवणाची वेळ, आडनाव. सगळं तिथेच होतं.

पुढे तिनेही तोच तक्ता काढला. माझे हात गार पडले. पण तिने मधोमध एक रेघ ओढली आणि म्हणाली, "घडलं ते घडलं, त्याचा पुरावा मी मागणार नाही. त्यावरून तू स्वतःबद्दल काय ठरवलंस, तेवढं तपासू." मी ठरवलं होतं की मला चारचौघांत बोलता येत नाही. त्याच्या विरुद्ध पुरावा भरपूर निघाला. कॉलेजात असताना १४ एप्रिलच्या सभेचं सूत्रसंचालन मी तीन वर्षं केलंय. तिने इलन मेयर या संशोधकाची 'मायनॉरिटी स्ट्रेस'ची कल्पनाही समजावली, त्यांनी २००३ मध्ये समलैंगिक आणि बायसेक्शुअल (स्त्री-पुरुष दोघांकडे ओढा असणाऱ्या) लोकांबद्दल मांडलेली. सतत सावध राहण्याचा, लपवण्याचा भार अंगावर साठतो. तो मनाचा दोष नाही. आम्ही घरमालकांना मावसबहिणी असल्याचं सांगितलंय. खाली ते राहतात, म्हणून सेशन मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसून घेते. हे ऐकल्यावर तिने सल्ला दिला नाही. विचारलं, "तिथे आवाज किती खाली ठेवावा लागतो?" मग दर सेशनला पहिली पाच मिनिटं आम्ही नुसता श्वास सैल करायला ठेवली.

आता जे चुकलं ते. चौथ्या महिन्यात ती म्हणाली, "आईला सांगून टाकलंस तर भार हलका होईल का?" मी नेटवर्क गेल्याचं भासवून कॉल कापला आणि पुढचं सेशन रद्द केलं. आमच्या वस्तीत चाळीस घरं आहेत. माझ्या पहिल्या वर्षाची होस्टेलची फी तिथल्या बायकांनी भिशीतून भरली. माय आजारी पडली की तीच घरं धावतात, गावातलं दुसरं कुणी येत नाही. या चाळीस घरांनी मायला तोडलं तर तिला जायला जागा नाही. हे सगळं मी मेसेजमध्ये लिहून पाठवलं. पुढच्या वेळी ती म्हणाली, "मी माझ्या घरावरून तुझ्या घराचा अंदाज बांधला. चुकले." हे तिने सुपरव्हिजनमध्येही नेलं होतं, आणि ऐन वेळी रद्द केलेल्या सेशनची फी घेतली नाही. तिच्यावरचा माझा खरा विश्वास त्या दिवशी बसला. मायला मी अजून सांगितलेलं नाही आणि त्याबद्दल तिने पुन्हा कधी घाई केली नाही.

पैशांचं असं की 'स्लायडिंग स्केल' म्हणजे ऐपतीप्रमाणे फी. ती मागावी लागते, आणि मागताना मला घाम फुटला होता. तिने पगाराची स्लिप मागितली नाही, आकडा मलाच ठरवायला सांगितला. पण अशा जागा तिच्याकडे मोजक्याच आहेत आणि मला दीड महिना थांबावं लागलं. ऑफिसच्या विम्यातून यातलं काही मिळत नाही. गोळ्यांसाठी डॉक्टर वेगळे लागतात. यावेळी तिने सुचवलेल्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी जोडीदाराचं नाव विचारून कागदावर लिहून घेतलं. तिचे सगळे फॉर्म इंग्रजीत होते, माझ्या मायला किंवा मावशीला ते भरता आले नसते. ही मोठी उणीव आहे.

कुणी शोधत असेल तर पहिल्याच कॉलवर विचारा: सुपरव्हिजन घेता का? जातीबद्दल, समलैंगिक आणि ट्रान्स लोकांबद्दल कुठे शिकलात? फी कमी होते का? उत्तर देताना माणूस अवघडला तरी चालेल, पण चिडला तर फोन ठेवा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी असायला हवी, ती विचारा. पैसेच नसतील तर टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' हेल्पलाइन मोफत आहे. रात्री-बेरात्री जीव नकोसा झाला तर १४४१६ वर सरकारची टेली-मानस सेवा आहे, तिथे मराठीत बोलता येतं. मी एका रात्री दोन वाजता तो नंबर लावलाय.

डबा आता मी टेबलावर खाते, बहुतेक दिवस. धडधड होते, पण जिन्यापर्यंत पळावंसं वाटत नाही. नवीन भाड्याचं घर शोधतोय, तिथे नातं काय सांगायचं ते अजून ठरत नाही. पुढची दोन सेशन त्यावरच जातील असं दिसतंय.

गेल्या महिन्यात थेरपिस्टने मला तिचा एक इंग्रजी फॉर्म मराठीत करून देशील का असं विचारलं, आणि त्याचे पैसे दिले, फीमध्ये वळते न करता. 'तुम्हाला किती एन्झायटी जाणवते, एक ते दहामध्ये सांगा,' असा एक प्रश्न होता. एक ते दहा मी तसंच ठेवलं. त्याच्याखाली एक ओळ वाढवली: 'कशाचा धसका घेतलाय, सांगावंसं वाटलं तर इथे लिहा,' आणि पुढे चार ओळींची मोकळी जागा सोडली.