कॅनडा पीआरसाठी (तिथे कायमचं राहायचा परवाना) कन्सल्टंटला ९० हजार दिले, आमचा अनुभव (५ पैकी २ स्टार)

परवा सांगलीहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला, ताई आम्ही पण फाईल टाकतोय, तुम्ही कुणाकडून केली होती, त्यांचा नंबर दे. मी तिला नंबर दिला नाही. का दिला नाही ते तासभर सांगत बसले, म्हटलं आता नीट लिहूनच काढते, अजून कुणाला तरी उपयोग होईल. नाव टाकत नाहीये, पुण्यातलं ऑफिस आहे एवढंच सांगते.

मी फिजिओथेरपिस्ट, बीपीटी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, नोकरी मिरज आणि नंतर पुणे. घरी मिस्टर आणि मुलगा, मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. २०२३ मध्ये कॅनडाने एक्स्प्रेस एंट्रीत (गुणांवर माणसं निवडायची त्यांची पद्धत) हेल्थकेअरवाल्यांचे वेगळे ड्रॉ, म्हणजे निवडीच्या फेऱ्या, सुरू केले, आमचा स्कोअर ४६८ होता आणि ६ जुलैच्या ड्रॉचा कटऑफ लागला ४६३, त्यात आम्हाला पीआरला अर्ज करायचं इन्व्हिटेशन आलं. इथपर्यंत सगळं छान. फाईल आधीपासून कन्सल्टंटकडे होती, फी ९० हजार, तीन हप्त्यात.

इन्व्हिटेशन आल्यावर ६० दिवस मिळतात. त्यात सगळे कागद अपलोड करायचे, नाहीतर इन्व्हिटेशन गेलं. आणि खरी धावपळ आहे ती कागदांची, फॉर्म भरायला दोन संध्याकाळी पुरतात हे मला नंतर कळलं.

सगळ्यात अवघड कागद म्हणजे नोकरीचं लेटर. आपल्याकडे हॉस्पिटलचा एचआर दोन ओळींचं एक्सपिरियन्स सर्टिफिकेट देतो, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत काम केलं, पुढील वाटचालीस शुभेच्छा, सही शिक्का. ते चालत नाही. लेटरहेडवर हुद्दा, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि रोज नक्की काय काम करायचात हे सगळं लागतं. आमच्या कन्सल्टंटने एक वर्ड फाईल पाठवली, यावर सही आणा म्हणाले. मी कॅनडाच्या सरकारी साईटवर ३१२०२ हा फिजिओथेरपिस्टचा कोड उघडून बघितला तर तिथली वाक्यं जशीच्या तशी उचलून चिकटवलेली. अधिकारी रोज अशी किती लेटरं बघत असतील, त्याला कळणार नाही का? मी बसून स्वतः लिहिलं, गुडघा बदललेल्या पेशंटला ऑपरेशननंतर वॉकर घेऊन उभं करणं, लकवा झालेल्यांच्या हाताचे व्यायाम, ओपीडीत दिवसाला किती पेशंट, ज्युनियरना शिकवणं. आमच्या एचओडी मॅडमनी प्रत्येक ओळ वाचली, एक ओळ खोडली (ते काम मी तिथे केलंच नव्हतं) आणि मग सही केली. मला त्यांचा फार आदर वाटतो त्याबद्दल.

आता मुख्य गोष्ट. फॉर्ममध्ये मागच्या दहा वर्षांचा हिशोब द्यावा लागतो, एक महिना सुद्धा रिकामा सोडायचा नाही. मी ३१ मार्च २०१७ ला नोकरी सोडली, मे मध्ये मुलगा झाला, जानेवारी २०१८ ला परत जॉइन झाले. सबमिट करायच्या दोन दिवस आधी मी हट्टाने पूर्ण फॉर्मची पीडीएफ मागवली, कारण अकाउंट त्यांनी स्वतःच्या ईमेलवर उघडलं होतं, पासवर्ड त्यांच्याकडे, मला माझीच फाईल दिसत नव्हती. रात्री साडेअकराला मोबाईलवर झूम करून करून वाचत होते आणि बघते तर पहिली नोकरी ३१ डिसेंबर २०१७ पर्यंत दाखवलेली. मिस्टरांनी फोल्डरमधून रिलीव्हिंग लेटर काढलं आणि मोबाईलच्या शेजारी धरलं. नऊ महिने जास्तीचे. माझे हातपाय गार पडले.

सकाळी फोन केला तर म्हणे, मॅडम गॅप दिसला की फाईल अडकते, म्हणून आम्ही ॲडजस्ट केलं. अहो, बाळंतपणासाठी घरी होते हे लिहायला काय अडचण आहे? तो गॅप खरा लिहिला तर काहीच होत नाही, आणि खोटं सापडलं तर मिसरिप्रेझेंटेशन, पाच वर्षं बंदी. कन्सल्टंटला नाही, आपल्याला, कारण खाली नाव आपलं असतं. माझा अनुभव ते नऊ महिने सोडून पण तीन वर्षांच्या वर होता, म्हणजे त्या खोट्याची गरज सुद्धा नव्हती. मी ऑफिसात जाऊन समोर बसून तारीख बदलून घेतली आणि पासवर्ड पण बदलून घेतला.

दुसरा घोळ पोलीस सर्टिफिकेटचा. मागच्या दहा वर्षांत ज्या देशात सलग सहा महिने राहिलात त्या प्रत्येक देशाचं लागतं. आपल्याकडचं पीसीसी पासपोर्ट सेवाच्या साईटवरून ५०० रुपयांत होतं. पण मिस्टर २०१४ ते १६ मस्कतला होते, हे पहिल्या दिवशी दिलेल्या बायोडेटात लिहिलेलं होतं, आणि ओमानचं पण सर्टिफिकेट लागेल हे आम्हाला इन्व्हिटेशननंतर २६ व्या दिवशी सांगितलं. तिथे अजून असलेल्या एका मित्राने मदत केली म्हणून मुदतीच्या चार दिवस आधी हातात आलं. तो महिना कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत.

आणि लायसन्स. पैसे घेऊन हे काम करायला कॅनडाच्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन ॲण्ड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचं लायसन्स लागतं, किंवा तिथला वकील लागतो. कॉलेजच्या साईटवर नाव टाकून फुकट तपासता येतं. आम्ही विचारलं तेव्हा आमचे पार्टनर आहेत तिकडे असं उत्तर, नंबर कधीच नाही. अधिकृत प्रतिनिधी असेल तर आयएमएम ५४७६ हा फॉर्म सही करून लावावा लागतो, तो आमच्या फाईलमध्ये नव्हताच. म्हणजे सरकार दरबारी ती फाईल मी एकटीनेच भरलेली होती.

पैशाचं सांगते. सरकारी फी तेव्हा मोठ्यांना प्रत्येकी १३६५ कॅनेडियन डॉलर, मुलाला २३०, आमच्या दोघांचं बायोमेट्रिक १७०, एकूण ३१३० डॉलर. एप्रिल २०२४ मध्ये मोठ्यांचे १५२५ आणि मुलांचे २६० झाले. मेडिकल, आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा), डिग्रीचं असेसमेंट हे सगळं वेगळं. यातलं काहीही त्या ९० हजारांत नव्हतं.

अजून एक, त्यांनी पीआर मिळालं की लगेच प्रॅक्टिस असं सांगितलं होतं. तसं नसतं, त्या त्या प्रांतात फिजिओथेरपिस्ट म्हणून रजिस्ट्रेशन वेगळं करावं लागतं. मी सध्या हॅमिल्टनला असिस्टंट म्हणून काम करत परीक्षेचा अभ्यास करतेय. हे आधी कळलं असतं तर पुण्यात असतानाच सुरू केलं असतं.

दोन स्टार दिले ते ऑफिसातल्या स्कॅनिंग करणाऱ्या मुलीसाठी. मराठी जन्मदाखल्याचं भाषांतर प्रमाणित हवं, प्रतिज्ञापत्रासकट, हे तिनेच सांगितलं, आणि लग्नाआधीच्या नावाची मार्कशीट आणि लग्नानंतरचा पासपोर्ट यांच्यासाठी ॲफिडेव्हिट करून घ्या हेही तिनेच. मावसबहिणीला मी माझ्या कागदांची यादी आणि त्या नोकरीच्या लेटरची कॉपी पाठवलीये, रविवारी व्हिडिओ कॉलवर बसून तिचं प्रोफाईल आम्ही दोघी मिळून भरणार आहोत.