बाळासाठी मावशी ठेवून 9 महिने झाले, माझा अनुभव (सांगली)

माझ्या 26 आठवड्यांच्या रजेतले तीन आठवडे बाळंतपणाआधीच गेलेले, त्यामुळे जॉईन झाले तेव्हा लेक जेमतेम सव्वापाच महिन्यांची होती. 50 किंवा त्यापेक्षा जास्त माणसं असली की ऑफिसला पाळणाघराची सोय करावी लागते, पण आमच्या ब्रँचला आम्ही सगळे मिळून अकरा. नवरा कुपवाड एमआयडीसीत, शिफ्ट ड्युटी. सासूबाई तासगावला, त्यांच्या म्हशी सोडून त्या येणार नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे.

आधी एका एजन्सीतून बाई घेतली. कमिशन घेतलं त्यांनी पूर्ण एक पगार, आणि बाई अकराव्या दिवशी गायब. पैसे परत नाहीत, "बदली देऊ" म्हणाले ते अजून देतायत. मग आमच्या धुणंभांडीवाल्या काकूंनीच सांगलीवाडीच्या या मावशी आणून दिल्या. तेव्हा सांगते, आधी आपल्या गल्लीत विचारा. आधारची झेरॉक्स घेतली, पोलीस स्टेशनला माहिती दिली, मावशींना वाईट वाटेल म्हणून मी घाबरत होते तर त्या स्वतःच आधारकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आलेल्या.

9 ते 6, रविवार सुट्टी, 9,000 रुपये. काम फक्त बाळाचं. हे शेवटचं वाक्य पहिल्याच दिवशी बोलून घ्या आणि मग स्वतःही पाळा, कारण दुसऱ्या महिन्यात मीच "मावशी तेवढी भाजी निवडता का" सुरू केलं, मग कुकर, मग कपडे वाळत घालणं, आणि एक दिवस बाळ पाळण्यात रडतंय आणि मावशी माझ्या पोळ्या लाटतायत. चूक कुणाची? माझीच की.

कॅमेरा ही दुसरी चूक. 2,200 चा घेतला, हॉलमध्ये लावला आणि त्यांना सांगितलं नाही. ब्रँचमध्ये काउंटरखाली मोबाईल धरून दर दहा मिनिटांनी बघत बसायचे. एकदा लावला तर नुसतं पांढरं. मला घाम फुटला, शेजारच्या काकूंना पळवलं, तर मावशींनी ओलं दुपटं वाळत घातलेलं त्याच्यावर. त्यांना वाटलं घड्याळ आहे काहीतरी. मग कळलंच त्यांना. "आधी सांगायचं न्हाई व्हय ताई, मी काय चोर हाय?" एवढंच म्हणाल्या आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. कॅमेरा अजून आहे, पण त्यांना सांगून, आणि मी बघते दिवसातून एकदा.

खरा उपयोग झाला तो दहा रुपयांच्या वहीचा. किती वाजता काय खाल्लं, शी-शू, झोप. मावशींना लिहायला जमत नाही, म्हणून रकाने पाडून चित्रं काढली, त्या फक्त रेघ मारतात. माझं काढून ठेवलेलं दूध बाहेर 4 तास, फ्रिजमध्ये 4 दिवस चालतं हे मी सांगितलेलं, पण गरम कसं करायचं ते सांगायचं राहिलं, त्यांनी सरळ पातेल्यात ओतून गॅसवर उकळलं! गरम पाण्याच्या वाटीत वाटी ठेवायची हे मग करून दाखवलं. सांगण्यापेक्षा दाखवलेलं लक्षात राहतं. मधाचंही तसंच. गुटीत मध घालून बोटाने चाटवायच्या, त्यांची चार पोरं तशीच वाढली ना. वर्षाच्या आत मध नको, बोटुलिझमचा (जिवाणूंमुळे होणाऱ्या विषबाधेचा) धोका असतो, हे मी सांगून पटलं नाही, लसीकरणाच्या वेळी त्यांनाच दवाखान्यात घेऊन गेले, डॉक्टरांनी सांगितल्यावर एका मिनिटात पटलं.

सगळ्यात कठीण गेला तो जुलै. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. 2019 ला 57 च्या वर गेलेलं, त्यामुळे नदी जरा फुगली की नदीकाठची माणसं सामान बांधायला लागतात. मावशींचा फोन, "ताई, पाणी वाढाय लागलंय, माझी वाट बघू नका." पाच दिवस. नवरा म्हणाला पगार कापायचा का, मी म्हटलं नदीला विचारून ये. पगार पूर्ण दिला. तेव्हापासून सुट्टी घ्यायची असली तर आठवडाभर आधी सांगतात, आधी ऐनवेळी फोन यायचा.

दिवाळीला एक पगार जास्त द्यायचा ठरवलाय. पुढच्या आठवड्यात मावशी म्हैसाळला, लेकीच्या बाळंतपणाला. म्हणजे म्हशी शेजाऱ्यांकडे सोपवून सासूबाई येणार, आणि त्यांना ती चित्रांची वही समजावायची आहे मला.